विधेयकावरचं टिपण: या चुका टाळा

आमदार-खासदारांसाठी लिहिलेलं टिपण दोन-चार पानांचं असतं आणि सदस्य तेच हातात घेऊन सभागृहात उभा राहतो. टिपणातली चूक त्याच्या तोंडून बाहेर पडते आणि कार्यवाहीत कायमची नोंदली जाते. तरी दर अधिवेशनात त्याच चुका.

सगळ्यात घातक म्हणजे संमत झालं की लागू झालं, असं धरून चालणं. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाली 25 डिसेंबर 2023 ला. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळाला, तर कलम 106(2) प्रमाणे 10 वर्षांपर्यंत कैद. जानेवारी उजाडताच ट्रक आणि टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. 7 लाखांच्या दंडाची बातमी सगळीकडे फिरत होती. कलमात दंड आहे, पण रक्कम कुठेच नाही. आणि त्या दिवशी संहितेचं एकही कलम लागू नव्हतं! कलम 1(2) मध्ये स्वच्छ लिहिलं आहे: केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या दिवसापासून अंमल, आणि निरनिराळ्या तरतुदींना निरनिराळे दिवस नेमता येतील. फेब्रुवारीच्या अधिसूचनेत 1 जुलै 2024 ही तारीख आली, तीही 106(2) वगळून. म्हणजे ‘10 वर्षांची शिक्षा आहे’ असं लिहिणारं टिपण जानेवारीत चूक होतं आणि 1 जुलैलाही चूकच ठरलं.

हे नवं नाही. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीतला, स्थानबद्धतेच्या सल्लागार मंडळांबाबत अनुच्छेद 22 बदलणारा भाग कधी अमलात आणलाच गेला नाही. म्हणून आधी कलम 1 वाचा, मग राजपत्रात अधिसूचना शोधा, आणि ‘अमुक तारखेची स्थिती’ असं टिपणाच्या डोक्यावरच लिहा. केंद्रीय कायद्यात अंमलाचा दिवस दिलेला नसेल, तर संमतीचा दिवस तोच अंमलाचा.

दुसरी चूक घाईची. नवखे लोक ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ वाचतात, पहिले पाच-सहा खंड चाळतात आणि लिहायला बसतात. निवेदन ही सरकारची बाजू आहे, ते सारांशाला पुरत नाही. विधेयक मागून पुढे वाचावं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 हा 44 कलमांचा. माहिती अधिकाराला हात घातलाय तो शेवटच्या कलमात, 44(3) मध्ये. तिथे माहिती अधिकार कायद्यातल्या, माहिती कधी नाकारता येते ते सांगणाऱ्या 8(1)(ञ) ऐवजी ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढाच मजकूर घातला. पूर्वी त्याच खंडात सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, खासगीपणावर विनाकारण घाला पडतो का आणि व्यापक जनहित आहे का, हे तपासावं लागे. ते सगळं त्या जागेवरून गेलं. मात्र 8(2) मधली जनहिताची वाट, म्हणजे जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येण्याची सोय, शाबूत आहे. फक्त पहिली गोष्ट लिहिली तर सदस्याला उत्तर मिळेल 8(2) चं, आणि त्याच्यापाशी पुढे बोलायला काही उरणार नाही.

सुधारणा विधेयक तर मूळ कायदा शेजारी ठेवल्याशिवाय वाचूच नये. मूळ कलम कागदावर काढा, गाळलेले शब्द लाल पेनाने खोडा, घातलेले निळ्याने लिहा, आणि तोच तक्ता टिपणाला जोडा. संगणकावर दोन फायली ताडून पाहण्याची सोय आहे, पण हाताने खोडताना परंतुक (कलमातला ‘परंतु…’ने सुरू होणारा अपवाद) गेलेलं जसं लक्षात येतं तसं तिथे येत नाही.

बाकीच्या थोडक्यात. घटनादुरुस्ती विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक वेगळा असतो: जीएसटीचं 122 वं विधेयक 101 वी दुरुस्ती झालं, महिला आरक्षणाचं 128 वं विधेयक 106 वी. रद्दबातल ठरलेलं कलम छापील प्रतीत राहू शकतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केलं; म्हणून छापील प्रतीतली तळटीप पाहा. समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा) विषयावर राज्याचं विधेयक केंद्राच्या कायद्याला छेद देत असेल, तर अनुच्छेद 254(2) बघा: ते टिकायला राष्ट्रपतींची संमती लागते. महिला-बालकांवरच्या अत्याचारांबाबतचं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत संमत होऊनही कायदा झालं नाही. ‘विहित करण्यात येईल’ हे शब्द किती वेळा आलेत ते मोजा. तेवढे निर्णय सभागृहाच्या हातून नियमांकडे जातात, आणि सदस्याने पहिला प्रश्न त्यावरच विचारायला हवा.