थंडीत विद्राव्य खत ड्रमच्या तळाशी बसतंय? संत्रा बागायतदारांसाठी सल्ला

डिसेंबर-जानेवारीत काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागात मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या) फळांना पालाश म्हणजे पोटॅश देणं आणि आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटच्या फुलोऱ्याचा) ताण तोडणं, म्हणजे रोखलेलं पाणी पुन्हा सुरू करणं, ही कामं मागेपुढे येतात. नागपूरचा पारा तेव्हा पहाटे दहा अंशांच्या आसपास असतो. खत ड्रमच्या तळाशी बसतं आणि दोष भेसळीवर जातो. बहुतेक वेळा खत चांगलं असतं, पाणी थंड असतं.

१३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) घ्या. २० अंशांच्या १०० लिटर पाण्यात ते सुमारे ३१ किलो विरघळतं, १० अंशांना जेमतेम २१ किलो. म्हणजे २५ किलोची बॅग १०० लिटरमध्ये ओतली तर गार पाण्यात काही किलो खाली राहणारच. शिवाय हे खत विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतं. १० किलो खत १०० लिटर पाण्याला सात-आठ अंशांनी गार करतं, हात घालून बघा. त्यामुळे १०० लिटरला १० किलोच्या वर जाऊ नये. ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) तर आणखी हट्टी, १० अंशांना १०० लिटरमध्ये नऊ किलोच मावतं. ते पाच किलोवर ठेवा.

रात्रभर उघड्या टाकीत थंड झालेलं पाणी वापरू नका. विहिरीतून नुकतं उपसलेलं पाणी पहाटे त्याहून कोमट असतं. खत दुपारी कालवा, थोडं थोडं टाकत ढवळा. युरियाही पाणी गार करतो, म्हणून तो शेवटी. रात्रीच्या विजेवर ओलित असेल तर द्रावण जास्त पातळ करा, कारण दुपारी नितळ दिसणाऱ्या दाट द्रावणात पहाटे खडे धरतात. खत संपल्यावर साधं पाणी दहा-पंधरा मिनिटं सोडा, नाहीतर तेच खडे ड्रिपरमध्ये बसतात. तळाशी गाळ असताना व्हेंच्युरी (ड्रममधलं खत ठिबकच्या पाण्यात ओढणारं साधन) सुरू केली, तर झाडांना ठरलेली मात्रा मिळत नाही. माझ्या मते खरं नुकसान हेच.

गाळ कशाचा, हे ओळखता येतं. चमचाभर गाळ पेलाभर कोमट पाण्यात ढवळा. विरघळला तर कारण थंडीच. नाहीच विरघळला, तर कॅल्शियम नायट्रेटसोबत ०:०:५० किंवा १२:६१:० (मोनो अमोनियम फॉस्फेट) एकाच ड्रममध्ये गेलं का ते आठवा. त्यातून बनणारं जिप्सम किंवा कॅल्शियम फॉस्फेट गरम पाण्यालाही दाद देत नाही. ही खतं वेगळ्या दिवशीच द्यावीत.

फवारणीचं बोरिक ॲसिड आधी तांब्याभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग पंपात ओता. थेट गार पाण्यात टाकलं तर कण तरंगत राहतात आणि नोझल अडतो.

चुन्याचं मात्र उलट असतं. जड पाण्यातला चुना उन्हाळ्यात, काळ्या लॅटरल (ठिबकच्या नळ्या) तापल्या की, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा साचतो. त्यावर कोमट पाणी चालत नाही, आम्लप्रक्रियाच (नळ्यांतून आम्ल सोडून चुना विरघळवणं) करावी लागते.