चाळिशीनंतर पोटावर चढणारी चरबी: या चुका टाळा

गेली आठ वर्षं माझ्या आईचं वजन ५८ किलोच आहे. तपासणीला गेली की काट्यावर तोच आकडा दिसतो आणि ती निर्धास्त होऊन घरी येते. गेल्या दिवाळीत परकराला नवी नाडी ओवताना मात्र तिच्याच लक्षात आलं, की गाठ मारल्यावर पूर्वी वीतभर टोक उरायचं, आता जेमतेम चार बोटं उरतं. नाडी तेवढीच, वजनही तेवढंच. वाढलं होतं ते पोट. दंड आणि मांड्या मात्र हडकल्या होत्या. वयाबरोबर स्नायू झिजले आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाची चरबी पोटात साठली, तर काट्याला यातलं काहीच कळत नाही.

काट्यावर विसंबून राहणं ही पहिली चूक, आणि आपल्या लोकांना ती जास्तच महागात पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, अशी आपली ठेवण असते. म्हणून शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे ती गुंडाळा, श्वास सोडा, पोट आत न ओढता मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या वर आकडा गेला, की लक्ष घालायला हवं. महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. रोज मोजत बसू नका.

दुसरी चूक म्हणजे ‘वय झालं, चयापचय मंदावलं’ म्हणून सोडून देणं. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण हिशेबात घेतलं, तर वयाच्या २० पासून ६० पर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो. त्यानंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरतो. म्हणजे चाळिशीतल्या पोटाचं खापर चयापचयावर फोडता येत नाही.

मग बदलतं काय? मला या विषयात सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारा भाग हाच आहे. आपण उपाशी असतो तेव्हा चरबीच्या पेशींपर्यंत निरोप पोचवावा लागतो, ‘साठा सोडा’ म्हणून. चरबीत शिरलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन सुटतं आणि तो निरोप पेशीला मिळतो. येल विद्यापीठातल्या विश्वदीप दीक्षित यांच्या गटाने २०१७ मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत दाखवलं, की म्हाताऱ्या उंदरांच्या पोटातल्या चरबीत मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी निरोप वाटेतच गिळतात. एरवी मेलेल्या पेशी आणि जंतू साफ करणाऱ्या या पेशी. पण वय वाढलं, की मज्जातंतूंना चिकटून बसलेले मॅक्रोफेज नॉरएपिनेफ्रिन मोडून टाकणारी सामग्री जास्त बनवू लागतात. पेशीपर्यंत निरोप क्षीण होऊन पोचतो आणि साठा बंदच राहतो. शास्त्रज्ञांनी मॅक्रोफेजमधली दाह (इन्फ्लमेशन) पेटवणारी एनएलआरपी३ ही यंत्रणा बंद पाडली, तेव्हा म्हाताऱ्या उंदरांची चरबी पुन्हा बरीचशी विरघळू लागली. हे उंदरांतलं काम आहे. यावरून कोणी गोळी विकत असेल, तर ती घेऊ नका.

निरोप क्षीण झाला म्हणून उपास वाढवायचा, ही तिसरी चूक. साठीच्या पुढे मला तीच सगळ्यात जास्त दिसते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि त्या दिवशी साबुदाणा, बटाटा आणि चहा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. चरबी लवकर सुटत नाही, पण स्नायू मात्र सहज मोडतात. महिन्याभराने काटा दोन किलो खाली येतो, घरात कौतुक होतं, आणि पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. श्रद्धेने उपास करायचा तर जरूर करा, फक्त ताटात दूध, दही, दाण्याची आमटी, राजगिरा राहू दे.

बेताने कमी खाण्याचा फायदा मात्र खरा आहे. अमेरिकेतल्या ‘कॅलरी’ (CALERIE) नावाच्या प्रयोगात लठ्ठ नसलेल्या प्रौढांनी दोन वर्षं सुमारे १४ टक्के कमी खाल्लं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिथेच तयार होतात, आणि वयाबरोबर तीच चरबीने भरत जाते. या लोकांच्या थायमसमधली चरबी कमी झाली आणि काम करणारा भाग वाढला. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्याचे १४ टक्के म्हणजे २८० कॅलरी, तूप लावलेल्या दोन-अडीच पोळ्या. मात्र ही माणसं तरुण आणि मध्यमवयीन होती. सत्तरीतल्या हडकुळ्या आजीने हा हिशेब स्वतःला लावू नये.

चौथी चूक ‘इम्युनिटी वाढवायची’ म्हणून चूर्णं आणि गोळ्या घेण्याची. उतारवयात प्रतिकारशक्ती नुसती कमी होत नाही. नव्या जंतूला ती उशिरा ओळखते, आणि दुसरीकडे राखेखालच्या निखाऱ्यासारखी सतत धुमसत राहते. इटलीतले शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या धुमसण्याला ‘इन्फ्लमेजिंग’ असं नाव दिलं. पोटातली चरबी त्याला सरपण पुरवते. फुगून मेलेल्या चरबीपेशीभोवती मॅक्रोफेज कडं करून बसतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. या निखाऱ्यावर फुंकर कशाला घालायची? आणि दाह कमी करायचा म्हणून रोज वेदनाशामक गोळ्या घेणं त्याहून वाईट. मूत्रपिंड आणि जठर त्याची किंमत मोजतात.

‘रोज पाऊण तास चालतो, तरी पोट हलत नाही’ ही तक्रार नेहमीची. चालणं सोडू नका, पण स्नायूंना भार लागतो. बिनहाताच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, थोडं थांबा, पुन्हा दहा. आठवड्यातून तीन दिवस. आईला सुरुवातीला चारच जमत होते. त्याबरोबर वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तिला ५८ ग्रॅम. पातळ वरणाने ती भरत नाहीत. प्रत्येक जेवणात घट्ट वरण किंवा उसळ, शिवाय दही, पनीर, अंडं किंवा मासा असावा लागतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोटाचे व्यायाम करून नेमकी पोटाचीच चरबी जात नाही, त्यात वेळ घालवू नका.

काही वेळा मात्र घरचे उपाय करत बसायचं नसतं. काही न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, ५८ किलोच्या बाईचं तीन किलो, तर आनंद मानू नका, तपासून घ्या. पोट थोड्याच दिवसांत ताणल्यासारखं फुगलं, पायांवर सूज आली किंवा दोन घासांतच पोट भरू लागलं, तर ती चरबी नसण्याची शक्यता मोठी. त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा.