बॅटरी उतरली आहे की संपली आहे? गाडी चालू करणे आणि चार्जर निवडणे

मालक पुण्याला नोकरीला आणि गाडी खानापूरच्या घरासमोर ताडपत्रीखाली. गणपतीला गावी आल्यावर किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात, बोनेटखालून नुसते ‘टक् टक्’ ऐकू येते आणि सेल्फ काही फिरत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पावसाळा सरताना हे घरोघरी घडते. मग कोणीतरी बॅटरीवाल्याला फोन लावतो आणि तासाभरात नवी बॅटरी बसते. पुष्कळदा तिची गरजच नसते.

हिशेब साधा आहे. गाडी बंद असली तरी सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ आणि ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी मिळून साधारण २० ते ५० मिलीअँपिअर करंट ओढतात. ४० मिलीअँपिअर धरले तर दिवसाला जवळपास १ एएच (अँपिअर-तास, बॅटरीतल्या साठ्याचे माप) जातो. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ एएचची असते. म्हणजे तीन आठवड्यांत ती निम्म्याच्या खाली येते आणि पाच आठवड्यांत रिकामी होते. डिकीतला ५ वॅटचा बारीक दिवा चालू राहिला तर चारच दिवस पुरतात. हेडलाइट राहिले तर चार तासही नाहीत. अशी बॅटरी फक्त उतरलेली असते. ती वेळीच, पण सावकाश चार्ज केली तर पूर्ववत होते. आठवडेच्या आठवडे रिकामी ठेवली तर मात्र प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो, आणि मग ती खरोखरच संपते.

आधी मोजा

दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घरात असावा. तो २० व्होल्ट डीसीवर लावून लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळे मायनसवर धरा. गाडी किमान चार तास बंद असली पाहिजे, नाहीतर आकडा फुगलेला दिसतो. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पावभर, ११.८ च्या खाली रिकामी. भरलेली दिसूनही सेल्फ घेत नसेल तर दोष टर्मिनलमध्ये, अर्थच्या वायरमध्ये किंवा स्टार्टरमध्ये शोधा.

बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका. सहा सेलपैकी तो एकाच सेलची अवस्था दाखवतो.

टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी जमली असेल तर तिथूनच सुरुवात करा. दहा नंबरच्या पान्याने आधी मायनस काढा, मग प्लस. हा क्रम उलटा केला आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पाण्याने पुसून कोरडे करा. लावताना प्लस आधी, मायनस शेवटी. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

दुसऱ्या गाडीवरून चालू करणे

देणारी गाडी १२ व्होल्टचीच हवी. कार, बोलेरो पिकअप चालते. चिक्कोडी-निपाणी भागात उसाच्या हंगामात रस्त्यावर सहज भेटणारा ट्रॅक्टरही बहुधा १२ व्होल्टचाच असतो. त्याच्या बॅटरीवर छापलेले वाचून खात्री करा. बस आणि मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात. मदतीला थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरचे आभार माना, पण त्याच्या बॅटरीला केबल लावू नका. दुप्पट व्होल्टेजने ईसीयू जळतो आणि त्याचा खर्च बॅटरीच्या कितीतरी पट होतो.

केबल विकत घेताना वरचे प्लास्टिक किती जाड आहे ते पाहू नका, आतली तार पाहा. पेट्रोल गाडीला १६ चौरस मिलिमीटरची, डिझेलला २५ ची तांब्याची तार लागते. वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त केबल चिमट्यापाशी तापतात आणि सेल्फ जेमतेम हलतो.

दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकवता उभ्या करा, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, दिवे आणि एसी बंद. मग या क्रमाने:

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२. लाल केबलचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
४. काळ्याचे उरलेले टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब.

चौथी जोडणी बॅटरीवरच का नाही? शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो. म्हणूनच जवळ विडी-सिगारेटही नको. देणारी गाडी चालू करून पाच ते दहा मिनिटे किंचित रेस ठेवा, मग बंद गाडीचा सेल्फ मारा. एका वेळी पाच-सात सेकंदच, मध्ये मिनिटभर थांबून. इंजिन लागले की केबल उलट क्रमाने काढा.

धक्का मारून चालू करणे फक्त हाताच्या गिअरच्या गाडीला जमते, तेही बॅटरीत थोडा जीव असेल तर. पूर्ण रिकाम्या बॅटरीवर पेट्रोलचा पंप आणि ईसीयू जागेच होत नाहीत. मग दहा माणसे लावली तरी उपयोग नाही. चोर्ला घाटात किंवा जांबोटीच्या पुढे रेंज नसलेल्या ठिकाणी हे लक्षात ठेवा आणि केबल डिकीतच असू द्या.

गाडी लागली म्हणजे बॅटरी भरली असे नाही. बेळगावातल्या बेळगावात, टिळकवाडीतून खडेबाजारात जाऊन येण्याने ती भरत नाही, पावसात वायपर, दिवे आणि ब्लोअर चालू असताना तर नाहीच. निपाणीपर्यंतच्या हायवेच्या दौडीत बरीच भरते, पण शेवटचा पंधरा-वीस टक्के भाग भरायला काही तास लागतात. ते काम चार्जरचे.

चार्जर कोणता

करंटचा नियम एकच: एएचचा दहावा भाग. ३५ एएचला साडेतीन अँपिअर, ६० एएचच्या डिझेलला सहा. चार्जर याहून लहान असला तर वेळ जास्त लागतो, नुकसान नाही. मोठा असला तर बॅटरी तापते, पाणी उडते, प्लेटा वाकतात. बहुतेक घरांना ४ ते ६ अँपिअरचा स्मार्ट चार्जर पुरतो. घरात मोटरसायकल असेल तर त्यात १ अँपिअरचा किंवा त्याहून कमीचा वेगळा मोड हवा, कारण तिची बॅटरी जेमतेम चार-पाच एएचची असते.

स्मार्ट चार्जर १४.४ व्होल्टच्या आसपास चार्ज करतो आणि बॅटरी भरली की साडेतेराच्या आसपास उतरतो, त्यामुळे रात्रभर लावून ठेवता येतो. गॅरेजमधला जड ट्रान्सफॉर्मरचा चार्जर टिकाऊ असतो आणि पार रिकाम्या बॅटरीलाही करंट देतो, पण तो स्वतःहून थांबत नाही. घरी त्याचा आग्रह धरू नये. वापरायचाच असेल तर बॅटरी गाडीतून काढूनच.

आपल्याकडे खोक्यावर तीन गोष्टी मुद्दाम वाचाव्यात. पहिली, इनपुट व्होल्टेजची मर्यादा. खेड्यात पंप चालू असताना व्होल्टेज बरेच खाली जाते, म्हणून १७० ते २६० सारखी रुंद मर्यादा असलेला घ्या. दुसरी, वीज जाऊन आल्यावर तो निवडलेल्या मोडवरच पुन्हा सुरू होतो का. काही चार्जर बटण दाबेपर्यंत तसेच बसून राहतात आणि सकाळी बॅटरी रिकामीच सापडते. तिसरी, किती व्होल्टपासून तो बॅटरी ओळखतो. अनेक स्मार्ट चार्जर सात-आठ व्होल्टच्या खाली ‘बॅटरी नाही’ असेच समजतात. अशा वेळी जंप केबलने चांगली बॅटरी दहा मिनिटे समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडून ठेवली की तो ओळखू लागतो. सिग्नलला आपोआप बंद होणारी स्टार्ट-स्टॉप गाडी असेल तर बॅटरी एजीएम आहे की ईएफबी (अशा गाड्यांच्या बॅटरीचे हे दोन प्रकार) ते लेबलवर पाहा आणि तो मोड असलेलाच चार्जर घ्या.

घरातला इन्व्हर्टर चार्जर म्हणून वापरू नका. तो १५० एएचच्या बॅटरीसाठी बनलेला असतो, १० ते १५ अँपिअर सोडतो. ३५ एएचच्या बॅटरीला ते तिप्पट-चौपट होते.

चार्ज करताना

पडवी किंवा सोपा बरा, बंद खोली नको, देवघरातला दिवा जवळ नको. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटा बुडालेल्या आहेत ना ते पाहा. प्लेटा उघड्या दिसल्या तर त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि चार्ज झाल्यावर प्लेटांच्या वर बोटाच्या जाडीएवढी पातळी करा. आधीच काठोकाठ भरले तर चार्जिंगमध्ये अ‍ॅसिड बाहेर येते. नळाचे पाणी नाही, अ‍ॅसिड तर मुळीच नाही.

चिमटे लावल्यानंतर प्लगचे बटण सुरू करा. काढताना बटण आधी बंद. रिकाम्या ३५ एएचला साडेतीन अँपिअरवर बारा तास धरा. बॅटरी हाताला कोमट लागली तर चालते. हात ठेववत नसेल किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर बटण बंद करा.

पूर्ण चार्जनंतर चिमटे काढून बारा तास तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा. १२.५ च्या वर टिकली तर बॅटरी चांगली आहे, दोष गाडी उभी राहण्यात होता. साडेदहाच्या आसपास येऊन थांबली तर एक सेल गेला आहे. मग कितीही चार्ज करा, उपयोग नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तरीही बदलण्याची वेळ आली आहे. गाडी चालू असताना १३.८ ते १४.७ दिसायला हवे. १३ च्याही खाली असेल तर आधी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारे जनित्र) आणि त्याचा बेल्ट दाखवा, नाहीतर नवी बॅटरीही महिनाभरात उतरेल. नवी घेताना एएच आणि प्लस-मायनसची बाजू जुनीसारखीच ठेवा, बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घ्या, जुनी दुकानदारालाच देऊन तिची किंमत बिलातून वजा करून घ्या.

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर जाताना मायनस काढून ठेवा. गाडीची खरी किल्ली मात्र सोबत असू द्या, कारण मग रिमोटने दार उघडणार नाही, आणि डिकी विजेच्या बटणाने उघडत असेल तर पाना डिकीत ठेवू नका. शेजाऱ्याला आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू करायला सांगण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा मायनस काढलेल्या बॅटरीला दीड महिन्याने एकदा रात्रभर चार्जर लावायला सांगा.