जगातले धर्म समजून घ्यायचे असतील तर कोल्हापूरच्या दसरा चौकातून सुरुवात करा

माझ्या मुलीला शाळेत ‘जगातील प्रमुख धर्म’ असा प्रकल्प होता. तक्ता छापीलच मिळाला होता: धर्म, संस्थापक, ग्रंथ, देश. हिंदू धर्मासमोर ‘संस्थापक’ ही चौकट रिकामी राहिली, तेव्हा ती रडकुंडीला आली. आपल्याला उत्तर सापडत नाही, असं तिला वाटत होतं. खरं तर चौकटच चुकीची होती. वेदांपासून वारीपर्यंत हजारो वर्षांत घडत गेलेल्या परंपरेला एक संस्थापक कुठून मिळणार? त्या दिवसापासून आम्ही तक्ता बाजूला ठेवला आणि वही घेऊन बाहेर पडलो. त्यातून जी रीत सापडली ती अशी.

पहिलं पाऊल: चार प्रश्न लिहून घ्या. प्रत्येक धर्मासाठी वहीची दोन पानं ठेवा. हा धर्म कुठं आणि केव्हा आकाराला आला? माणसाचं मूळ दुखणं तो कोणतं मानतो आणि त्यावर उपाय काय सांगतो? पाळणारा माणूस रोज काय करतो? आणि तो कुठल्या वाटेनं पसरला? यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. बुद्धांनी दुःखाचं मूळ तृष्णेत पाहिलं आणि अष्टांगिक मार्ग सांगितला. ख्रिस्ती धर्म पापाबद्दल बोलतो आणि येशूच्या द्वारे मिळणाऱ्या क्षमेबद्दल. इस्लाम माणसाला एकाच ईश्वरापुढे नम्र व्हायला सांगतो. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ असं म्हणून मोकळं होऊ नका. सांगणं वेगळं आहे, ते वेगळं म्हणूनच ऐका.

दुसरं पाऊल: जवळच्या दारातून आत जा. दसरा चौकात उभं राहिलं की दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग आणि लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ हाकेच्या अंतरावर आहेत, मध्ये शाहू महाराजांचा पुतळा. जैन बोर्डिंग १९०१ चं. १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं होतं.

इथं जैनांपासूनच सुरुवात करावी, कारण आपल्याकडचे जैन पुस्तकातल्या ठोकळेबाज चित्राला धक्का देतात. जैन म्हणजे पेढीवरचा व्यापारी, असं बाहेरच्यांना वाटतं. शिरोळ-हातकणंगल्याकडे मात्र जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावतात, आणि सूर्यास्ताच्या आत जेवायचा नेम घरोघरी पाळला जातो. कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन ती २८ फुटी संगमरवरी मूर्ती बघा. उभ्यानं तप करणाऱ्या बाहुबलीच्या मूर्तीत पायांवर चढलेल्या वेली कोरतात. इतका स्थिर उभा, की वेलींनी त्याला झाड समजावं. अहिंसा आणि अपरिग्रह (गरजेपुरतंच जवळ ठेवणं) या शब्दांवर मी मुलीला अर्धा तास समजावलं होतं, तिला कळलं ते त्या वेलींवरून. २४ तीर्थंकर, त्यांत शेवटचे महावीर, हे नंतर वहीत आलं. २०११ च्या जनगणनेत देशात जैन ४५ लाखांच्या आतच होते, आणि सर्वांत जास्त महाराष्ट्रात.

लिंगायत परंपरेसाठी बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या कल्याणकडे, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणकडे, बघावं लागतं. गळ्यातलं इष्टलिंग म्हणजे अंगावर धारण केलेलं छोटं शिवलिंग, आणि कायक म्हणजे कष्टालाच पूजा मानणं, एवढे दोन धागे पकडले तरी बरंच उलगडतं.

तिसरं पाऊल: जाताना रीत पाळा. जैन मंदिरात चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवा. दर्ग्यात आणि गुरुद्वारात डोकं झाका. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला आधी विचारून जा, मागच्या बाकावर बसा. आणि ‘तुमचा धर्म काय सांगतो?’ असं विचारू नका. माणूस गोंधळतो किंवा भाषण देतो. ‘सकाळी उठल्यावर काय करता? उपवास कसा सोडता?’ असं विचारलं की गप्पा सुरू होतात. बाबूजमाल दर्ग्यात शिरताना कमानीवरच्या गणपतीकडे नक्की बघा. लोकांनी आपापला धर्म शेजारधर्मासकट कसा जगला, ते त्या कमानीत दिसतं.

चौथं पाऊल: नकाशावर वाटा काढा, रंग भरू नका. सगळा देश एका रंगात रंगवला की वाटा दिसत नाहीत, आणि खरी गोष्ट वाटांचीच आहे. इंडोनेशियात २० कोटींहून जास्त मुसलमान आहेत, पण तिथं अरबांचं सैन्य गेलं नाही. व्यापारी आणि सुफी गेले. सातव्या शतकात मक्का-मदिनेत उभा राहिलेला धर्म मसाल्याच्या जहाजांबरोबर तिथं पोचला. ख्रिस्ती धर्म युरोपचा, हा असाच एक गैरसमज. तो पश्चिम आशियात जन्मला, आर्मेनिया आणि इथिओपियात चौथ्या शतकातच रुजला, केरळातही पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतकं आधी होता. कोल्हापुरात मात्र तो अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर आला. रॉयल वाइल्डर इथं १८५२ मध्ये आले. एकाच धर्माच्या या दोन वाटा नकाशावर वेगवेगळ्या काढा.

बौद्ध धर्माची वाट सर्वांत वळणाची. अशोकाच्या काळात श्रीलंकेला, पुढं मध्य आशियातून चीन, तिथून कोरिया आणि जपान. आणि जन्मभूमीत मात्र तो ओसरला. जोतिबाजवळची पोहाळ्याची लेणी त्या जुन्या काळाची खूण. मग १९२० ची माणगाव परिषद, जिथं शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर. २०११ मध्ये भारतातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. ही रेघ काढताना माझा हात थोडा थांबतो, दरवेळी.

शीख धर्मासाठी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जा. फाळणीनंतर तिथं आलेल्या सिंधी घरांत झुलेलालबरोबर गुरू ग्रंथसाहिबही पुजला जातो. १४६९ मध्ये जन्मलेल्या गुरू नानकांच्या या परंपरेच्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, हे वहीत ठळक लिहा. यहुदी धर्मासाठी कोकणात उतरावं लागेल. तिथले बेने इस्रायली घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. एका गावठी नावात अख्खा सब्बाथ जपला गेला.

शेवटचं पान टाउन हॉल संग्रहालयासाठी ठेवा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती तिथं आहे, वीतभराहूनही लहान. ग्रीकांचा हा समुद्रदेव रोमच्या व्यापाराबरोबर सातवाहनांच्या काळात पंचगंगेच्या काठी आला. तिकडे त्याचीही देवळं होती, पुजारी होते, नवस होते. इ. स. ३९१-९२ मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसनं जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आणली. आपले चारही प्रश्न त्याला विचारा. कुठला, काय देणारा, कुठल्या वाटेनं आला, हे लिहिता येतं. ‘पाळणारा माणूस रोज काय करतो’ यापुढं मुलीनं पेन्सिल टेकवली, काचेतल्या मूर्तीकडे बराच वेळ बघितलं आणि तेवढी ओळ मोकळी सोडली. या वेळी तिला रडू आलं नाही.