एक घर हिंदू, एक घर बौद्ध: सोलापुरात दोन्ही पद्धतींनी लग्न लावताना

सोलापुरात ‘अक्षता किती वाजता?’ म्हणजेच ‘लग्न किती वाजता?’ गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात. त्यामुळे दोन पद्धतींचं लग्न असलं की पहिली गडबड तांदळावरूनच होते. बौद्ध विधीत अक्षता नसतात. जयमंगल अष्टगाथा (मंगलाच्या आठ पाली गाथा) चालू असताना वधूवरांवर पाकळ्या टाकतात. 200 पाहुण्यांना गुलाब-शेवंतीच्या 3 किलो पाकळ्या पुरतात. अक्षतांची ताटं हिंदू विधीपर्यंत आतल्या खोलीत ठेवा. एकदा वाटप झालं की कुणाचा हात थांबत नाही.

‘खरं लग्न कुठलं?’ यावर भांडू नका. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्धही येतात आणि कलम 7 नुसार दोहोंपैकी एका बाजूच्या रूढीनं लग्न लागलं तरी चालतं.

बौद्ध विधी आधी ठेवा. त्याला पंचांगातला मुहूर्त लागत नाही आणि वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात. होमाच्या धुरानंतर ते जमत नाही. हिंदू मुहूर्त 12:30 चा असेल तर 10:45 ला सुरुवात करा: पाऊण तास विधी, अर्धा तास कपडे बदलायला, उरलेला वेळ हाताशी. बौद्धाचार्य आणि भटजी (लिंगायत घर असेल तर जंगम) यांना ही वेळ आठवडाभर आधी कळवा.

बौद्ध विधीसाठी टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, अगरबत्ती, फुलं. त्रिसरण-पंचशील, बुद्धपूजा, वधूवरांच्या प्रतिज्ञा, हार, अष्टगाथा असा साधारण क्रम.

हात दोन्हीकडे सारखेच जोडले जातात, फूलही तेच. पण हिंदू पूजेत फूल देवाला वाहतात आणि ते प्रसाद म्हणून परत मिळतं. बुद्धपूजेतली गाथा सांगते, हे फूल जसं कोमेजतं तसाच माझा देहही नाश पावणार आहे. इथं मागणं नाही, म्हणून प्रसादाचं ताटही नाही. पाहुण्यांना हे दोन वाक्यांत आधीच सांगावं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

सगळ्यात जिव्हारी लागणारी चूक वेगळीच. कौतुकानं कुणीतरी म्हणतं, ‘बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतारच की!’ आपल्या जिल्ह्यातल्या पंढरीच्या विठ्ठलाला संतांनी बौद्ध अवतार म्हटलंय, त्यामुळे हिंदू माणसाला यात आपुलकीच वाटते. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली पाचवी नेमकी हेच नाकारते. म्हणून गणपती आणि बुद्धमूर्ती एका चौरंगावर मांडू नका, पत्रिकाही वेगवेगळ्या छापा: एकीवर ‘श्री गणेशाय नमः’, दुसरीवर ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’.

हिंसा, चोरी, खोटं टाळा, हे योगातले यम आणि पंचशील दोन्हीही सांगतात. पंचशीलात मद्य टाळणंही आहे. सकाळी ‘सुरामेरय’ (मद्य टाळायचं शील) म्हणून संध्याकाळी वरातीत पिऊन नाचणारे दिसले तर बौद्ध घरच्यांना ते लागतं, आणि लागणारच. वरातीची जबाबदारी दोन्ही घरच्या एकेका मामावर आधीच सोपवा.