मागावरचा आकडा टॅलीत कसा न्यावा

यंत्रमागाला सेन्सर बसवणं सोपं आहे. तो आकडा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा उतरवणं, की मालक, मुनीम आणि विणकर तिघांनाही तो मान्य होईल, हे खरं काम. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत ही जोडणी करताना एक सल्ला मी सतत ऐकतो: ‘मशीन ऑनलाइन करा, बाकी आपोआप होतं.’ आपोआप काहीही होत नाही. मोबाईलवर रंगीत आलेख दिसला म्हणजे काम झालं, असं सांगणाऱ्याला उरलेले पैसे देऊ नका.

आधी एकच गोष्ट ठरवा: हाताने होणारी कोणती नोंद बंद करायची आहे? माझ्या मते सुरुवात पाळीवार उत्पादनाने करावी. तापमान, कंपन, वीजवापर हे सगळं नंतर. आणि एकदम सगळी शेड घेऊ नका, एकाच क्वालिटीवर, म्हणजे एकाच प्रकारच्या मालावर, चालणारी मागांची एक ओळ घ्या.

सेन्सर आणि वायर

इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर घ्या. प्रकाशावर चालणारा नको. टेरी टॉवेलच्या शेडमध्ये इतकं तूस उडतं की त्याची काच झाकली जाते. इंडक्टिव्ह सेन्सर धातू ओळखतो, तुसाने त्याला फरक पडत नाही. धोट्याच्या मागावर क्रँकशाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. बॉटम शाफ्ट दोन पिकांत एकदाच फिरतो, म्हणून सेन्सर तिथे बसवलात तर आकडा दुप्पट करावा लागेल. रेपिअर मागाला (धोट्याशिवाय चालणाऱ्या) स्वतःचा काउंटर असतो, तो वाचता येत असेल तर वेगळा सेन्सर कशाला?

प्रत्येक मागाला वायफाय देऊ नका. आरएस-४८५ ची (अनेक यंत्रं एकाच तारेवर जोडायची पद्धत) पीळ दिलेली, शील्ड असलेली केबल एका मागावरून दुसऱ्यावर अशी सलग न्या, फांद्या काढू नका. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा आणि मोटारीच्या केबलपासून अंतर ठेवा. प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता द्या. एवढं पुरे.

जिथे सगळं बिघडतं

यंत्राचा आकडा हिशेबाचा आकडा होतो, त्या टप्प्याने मला सर्वांत जास्त छळलं आहे. विक्रेते नेमके इथेच घाईत असतात.

पहिला नियम: यंत्राने फरक पाठवायचा नाही, एकूण बेरीज पाठवायची. ‘गेल्या मिनिटात ९८ पिक’ असा निरोप वाटेत हरवला तर ते पिक गेले. तोच निरोप दोनदा आला तर दुप्पट मोजले गेले. एमक्यूटीटीच्या (यंत्रांचे निरोप पाठवण्याच्या प्रणालीच्या) ‘किमान एकदा’ या पद्धतीत निरोप दोनदा येऊ शकतो, तो बिघाड नसून त्या पद्धतीचा नियमच आहे. ‘आजवर एकूण इतके’ असा निरोप मात्र मधले दहा हरवले तरी अकराव्यात सगळं सांगतो.

बेरीज कुठे साठते हेही विचारा. १६ बिटांचा काउंटर ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर येतो. मिनिटाला १०० पिकांचा माग बारा तासांच्या पाळीत न थांबता चालला तर ७२,००० पिक होतात. म्हणजे अकराव्या तासाच्या शेवटी काउंटर उलटतो आणि पाळी संपताना ६,४६४ दाखवतो. ३२ बिटांचाच काउंटर मागा. तो दोन रजिस्टरांत (१६ बिटांच्या दोन कप्प्यांत) येतो आणि त्यांचा क्रम प्रत्येक बनावटीत सारखा नसतो. माग हाताने एक पिक फिरवून पाहा. आकडा एकाऐवजी ६५,५३६ ने वाढला तर क्रम उलटा आहे.

वीज गेल्यावर काउंटर शून्य होत असेल तर ते यंत्र परत करा. बेरीज आतल्या मेमरीत टिकलीच पाहिजे.

दुसरा नियम वेळेचा. प्रत्येक वाचनावर, म्हणजे टिपलेल्या आकड्यावर, वेळ यंत्राजवळच पडली पाहिजे, म्हणून बॅटरीवर चालणारं घड्याळ असलेलाच गेटवे (मागांचे आकडे गोळा करून सर्व्हरला पाठवणारा डबा) घ्या. सर्व्हरला निरोप पोचला ती वेळ धरली आणि रात्री नेटवर्क बंद पडलं, तर साठलेली वाचनं सकाळी एकदम येतात आणि रात्रपाळीचा माल दिवसपाळीच्या नावावर चढतो. जिथे नगावर मजुरी आहे, तिथे ही एका माणसाची कमाई दुसऱ्याला देणं झालं. रात्रपाळीची तारीख पाळी सुरू झाली तीच धरा. बारानंतर तारीख बदलू देऊ नका.

तिसरा नियम, ज्यावर मी अजिबात तडजोड करत नाही: पिक म्हणजे तयार माल नव्हे. समजा, ६० इंची टॉवेल आहे आणि इंचाला ४० पिक, तर एका नगाला २,४०० पिक. पण विणकर चूक काढण्यासाठी माग मागे घेतो, जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) दुरुस्तीनंतर फिरवून बघतो, तेही मोजले जातात. म्हणून पिकांवरून आलेला आकडा ‘मागावरचं उत्पादन’ म्हणूनच ठेवा. तयार मालाचा साठा फोल्डिंग-तपासणीत मोजलेल्या नगांनीच वाढला पाहिजे. बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) किंवा डिझाइन बदललं की जॉबरने त्याच क्षणी मागाजवळच्या बटणाने नवी क्वालिटी निवडायची, संध्याकाळी आठवून नाही.

आकडा विणकराला मागाजवळ दिसू द्या. सूचना मराठीबरोबर तेलुगूतही लावा, आपल्याकडे अनेक विणकरांच्या घरची भाषा तीच आहे. ज्याच्या मजुरीवर परिणाम होतो, त्याला आकडा तपासता आलाच पाहिजे.

टॅलीत नोंद

यंत्र थेट टॅलीला जोडू नका. मध्ये एक तक्ता ठेवा: माग क्रमांक, तारीख आणि पाळी मिळून एक खूण, आणि त्या खुणेची एकच ओळ. सुपरवायझरने मंजूर केलेली ओळच पुढे जाईल. टॅली एचटीटीपीवरून (नेटवर्कवरून) एक्सएमएल या मजकुराच्या साच्यात नोंद घेते, पोर्ट (जोडणीचं दार) सहसा ९००० असतो आणि कंपनी उघडी असावी लागते. मालाचं नाव टॅलीतल्यासारखं हुबेहूब हवं. नुसतं उत्तर आलं म्हणजे नोंद झाली असं समजू नका. उत्तरात ‘क्रिएटेड’ एक आणि ‘एरर्स’ शून्य आहे का ते तपासून, ते उत्तर त्याच ओळीत जपून ठेवा. उत्तरच आलं नाही तर आंधळेपणाने पुन्हा पाठवू नका. ती खूण नोंदीच्या तपशिलात लिहिलेली असली की आधी टॅलीत शोधता येते.

मूळ पासवर्ड बदला, यंत्रांचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं ठेवा, ९००० पोर्ट इंटरनेटला उघडू नका.

वही बंद करण्याआधी

काही आठवडे वही आणि तक्ता सोबत चालवा, आणि त्या काळात मुद्दाम त्रास द्या. पाळी चालू असताना मेन स्विच पाडा. केबल काढून तासाभराने लावा. मध्यरात्रीच्या आसपास नेटवर्क बंद ठेवा. एकच ओळ दोनदा पाठवून टॅलीत दुसरी नोंद होते का ते बघा. वहीशी फरक आला तर आधी बीम बदलल्याची वेळ तपासा, मग घड्याळ, आणि त्यानंतरच सेन्सरला हात लावा.