निगेटिव्ह घरी स्कॅन करताय? या चुका टाळा

स्कॅन बिघडला की बहुतेकजण आधी स्कॅनरला नावं ठेवतात आणि मग सॉफ्टवेअरमधले स्लायडर इकडेतिकडे ढकलत बसतात. तासभर जातो आणि फोटो आणखीच विचित्र दिसायला लागतो. स्लायडरला हात लावायच्या आधी एक साधी तपासणी करा. तीच निगेटिव्ह होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चौकटीत, जरा पुढे सरकवा आणि पुन्हा स्कॅन करा. डाग फोटोबरोबर सरकला तर तो फिल्मवर आहे. फोटो सरकला पण डाग जागचा हलला नाही, तर तो काचेवर. आणि डागाऐवजी टोकापासून टोकापर्यंत गेलेली सरळ, बारीक रेघ असेल तर भानगड तिसरीच आहे, तिच्याकडे येऊच. दोष सगळ्या चित्रभर सारखा पसरलेला असेल, म्हणजे रंग गेलेत किंवा सगळंच धूसर आहे, तरच सॉफ्टवेअर आणि फोकसकडे वळायचं. लोक मला जे बिघडलेले स्कॅन दाखवतात, त्यातले निम्मेअधिक या एका तपासणीत निकाली निघतात.

मशीन घेतानाच होणारी चूक

घरच्या ऑल-इन-वन प्रिंटरवर निगेटिव्ह ठेवली की काळी पट्टी येते. यायचीच. कागद स्कॅन करताना उजेड कागदावर आपटून परत येतो. निगेटिव्हला मात्र उजेड पलीकडून, फिल्ममधून आरपार यावा लागतो. त्यासाठी झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो, उदाहरणार्थ एप्सनचा व्ही६०० किंवा व्ही८५०. नाहीतर प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्मसारखा फक्त ३५ मिलिमीटरसाठी बनवलेला. आजोबांच्या आग्फा क्लिक कॅमेऱ्यातले १२० नंबरचे रोल असतील तर हा दुसरा पर्याय कामाचा नाही, त्यात ती रुंद फिल्म बसतच नाही. तेव्हा आधी डबा उघडून घरात काय आहे ते बघा आणि मग खरेदीला निघा.

जुना स्कॅनर घेत असाल, मग तो जुन्या बाजारातला असो की ओळखीतून आलेला, तर दोन गोष्टी जागेवरच पाहा. झाकणातला दिवा लागतो का, आणि फिल्मचे होल्डर सोबत आहेत का. होल्डर मॉडेलप्रमाणे वेगळे असतात आणि सगळ्यात आधी तेच हरवतात. ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून मात्र मशीन नाकारू नका. कंपनीने सोडून दिलेले कितीतरी स्कॅनर व्ह्यूस्कॅन या सॉफ्टवेअरवर व्यवस्थित चालतात.

स्कॅनर आणला, पण सॉफ्टवेअरमध्ये फिल्मचा पर्यायच दिसत नाही? झाकणाची वायर मागच्या बाजूला खोचली आहे का बघा. पर्याय दिसतो पण चित्र येत नाही? झाकणाच्या आतला पांढरा मॅट सरकवून काढायचा राहिलाय. स्कॅन सुरू होताच घरघर आवाज येत असेल तर वाहतुकीसाठीचं लॉक उघडलेलं नाही. यातल्या कशालाही मेकॅनिक लागत नाही.

ती सरळ रेघ

स्कॅन सुरू होण्याआधी सेन्सर काचेच्या एका टोकाच्या मोकळ्या पट्ट्यातून निव्वळ दिव्याचा उजेड मोजतो आणि त्यावरून आपला प्रत्येक बिंदू जुळवून घेतो. तिथे धुळीचा एक कण बसला असेल तर त्याच्या खालचा बिंदू समजतो, ‘इथे उजेड कमी आहे’, आणि पुढे पूर्ण लांबीभर तो फरक भरून काढत जातो. त्यातून हिरवी, लाल नाहीतर निळी रेघ उमटते. फिल्म कितीही पुसली तरी ती जात नाही, कारण फिल्मचा त्यात काही संबंधच नाही. होल्डरच्या टोकाला जी मोकळी खिडकी ठेवलेली असते ती याच कामासाठी. तिच्यावर फिल्मचं टोक, चिकटपट्टी, काही म्हणजे काही येता कामा नये. खिडकीखालची काच आणि झाकणातली वरची काच, दोन्ही कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा.

घरातल्या खिडक्या पुसायचा निळा स्प्रे थेट स्कॅनरच्या काचेवर मारू नका. द्रव कडेने आत शिरतो आणि काचेच्या खालच्या बाजूला वाळून पांढरट थर धरतो. मग काच उघडण्याशिवाय गत्यंतर नाही. अगदीच लागलं तर थेंबभर द्रव कापडावर घ्या, काचेवर नको.

धूळ, बुरशी आणि पानशेत

पुण्यात फिल्म हाताळायला अवघड असे दोन मोसम आहेत. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी फिल्म वाजते, वळते आणि खोलीतली सगळी धूळ अंगावर ओढून घेते. पावसाळ्यात वळण कमी होतं, पण डब्यात बुरशी धरते. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर आधी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, पंखा बंद ठेवा आणि सकाळी लवकर बसा. रबरी ब्लोअरने फुंकर मारा, तोंडाने नको. तोंडाने फुंकलं की थुंकीचे बारीक ठिपके उडतात, आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात. सदऱ्याच्या टोकाने निगेटिव्ह पुसणाऱ्यांना काय सांगावं, त्या ओरखड्यांवर नंतर काहीही उपाय नाही.

बोटांचे तेलकट ठसे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, लिंट न सुटणाऱ्या पुसणीने, चकचकीत बाजूवर हलक्या हाताने निघतात. कपाटात उरलेलं हँड सॅनिटायझर यासाठी वापरू नका. त्यात पाणी असतं आणि बहुधा ग्लिसरीनही, म्हणजे पुसून झाल्यावर नवाच थर बसतो. बुरशीच्या बाबतीत पाणी तर वर्ज्यच. बुरशी इमल्शनमधलं, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थरातलं, जिलेटिन खाते आणि तिने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. डाग धुवायला जाल आणि आत्याचा चेहराच धुऊन निघेल. जाळं असेल तसंच स्कॅन करा आणि नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त करा.

पेठांमधल्या जुन्या घरांत आणखी एक प्रकार सापडतो. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेल्या निगेटिव्ह. ‘सगळं पानशेतमध्ये गेलं’ असं म्हणणाऱ्या घरांतही एखादं पाकीट निघतं, गाळ लागलेलं, दोन-तीन पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या नखाने सोडवू नका, इमल्शन दुसऱ्या पट्टीवर निघून येतं. सुट्ट्या असतील तेवढ्या स्कॅन करा. चिकटलेल्या बाजूला ठेवा आणि फिल्म-संवर्धन जाणणाऱ्या माणसाकडेच द्या. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अॅसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. ही प्रक्रिया मागे फिरत नाही, त्यामुळे त्या पट्ट्यांचा नंबर पहिला लावा आणि त्यांना बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे तापमान राखणारी दालनं आहेत. आपल्याकडे माळा आणि पत्र्याची ट्रंक.

ब्लॅक अँड व्हाइटवर डिजिटल आइस

धूळ आपोआप घालवणारं हे बटण दिसलं की लोक ते सरसकट लावतात. रंगीत निगेटिव्हवर ते कमाल काम करतं. स्कॅनर इन्फ्रारेडने एक वेगळी फेरी मारतो. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात, म्हणून नेमके तेवढेच पकडले जातात. पण ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्रच मुळी चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल असो की कुठलाही जुना ओरवो, मशीनला अख्खा फोटोच धूळ वाटतो. मग मिशा विरघळतात, नऊवारीच्या काठावर मेण ओतल्यासारखं दिसतं आणि केस डोक्याला चिकटतात. असं दिसलं की आइस बंद करा. दोष तिथेच आहे.

अपवाद इलफर्डच्या एक्सपी२ सारख्या फिल्मचा. ती दिसते ब्लॅक अँड व्हाइट, पण रंगीत रसायनात धुतली जाते, त्यामुळे तिच्यावर आइस चालतं. उलट अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेल्या कोडाक्रोमच्या स्लाइड रंगीत असूनही बऱ्याच स्कॅनरवर आइसला दाद देत नाहीत. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर नाव छापलेलं असतं, ते वाचून मगच बटण दाबा.

खोक्यावरचा डीपीआय

डीपीआय म्हणजे एका इंचात किती बिंदू. खोक्यावर ६४०० लिहिलंय म्हणून ६४०० वर स्कॅन करू नका. व्ही६०० च्या काचेतून प्रत्यक्षात साधारण १५०० ते १६०० डीपीआयइतकाच तपशील येतो. ७२०० चा दावा करणारा ऑप्टिकफिल्म ८२००आय सव्वातीन हजारांच्या आसपास थांबतो. वरचे आकडे म्हणजे नुसती फुगलेली फाइल. ३५ मिलिमीटरची एक फ्रेम ६४०० वर, ४८ बिटमध्ये ३०० एमबीच्या पुढे जाते. ३६ फ्रेमचा रोल केला की दहा-बारा जीबी गेलेच. २४०० वर तीच फ्रेम ३४०० बाय २२७० पिक्सेलच्या आसपास येते आणि तिचा ११ बाय साडेसात इंची प्रिंट सहज निघतो. व्ही६०० वर मी २४०० च ठेवतो. १२० च्या मोठ्या निगेटिव्हला त्याहून जास्त तर मुळीच लागत नाही.

स्कॅन मऊ वाटत असेल तर डीपीआय वाढवून ते जाणार नाही, होल्डरची उंची बघा. अशा स्कॅनरचा फोकस काचेपासून ठरावीक उंचीवर पक्का बसवलेला असतो आणि प्रत्येक मशीनमध्ये तो केसभर इकडेतिकडे असतो. होल्डरच्या चारी कोपऱ्यांखाली साध्या कागदाचे तुकडे घाला. ८० जीएसएमचा एक कागद म्हणजे सुमारे दशांश मिलिमीटर. एक-एक कागद वाढवत तीच फ्रेम स्कॅन करा आणि १०० टक्क्यांवर एखाद्या ओरखड्याची कड पाहा. चेहऱ्याकडे पाहून ठरवू नका. फोटो काढतानाच फोकस चुकला असेल तर तुम्ही उगाच कागद मोजत बसाल. सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग या सगळ्या वेळात बंद हवं, आणि खरं तर नंतरही. शार्प करायचं ते शेवटी, प्रिंटच्या आकाराप्रमाणे.

हळदीच्या फोटोतले निळे चेहरे

रंगांच्या तक्रारी सगळ्यात जास्त, आणि त्यांचं मूळ जवळजवळ नेहमी सॉफ्टवेअरच्या ‘ऑटो’ सेटिंगमध्ये. रंगीत निगेटिव्हच्या पट्टीचा मूळ रंग नारिंगी असतो आणि तो कंपनीप्रमाणे, रोलप्रमाणे, वयाप्रमाणे बदलतो. सॉफ्टवेअर हा नारिंगी वजा करून चित्र उलटवतं. किती वजा करायचा, हे ते निवडलेल्या चौकटीत सापडलेल्या सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ जागांवरून ठरवतं. तुमच्या चौकटीत होल्डरची काळी कड आली तर उलटवल्यावर ती शुभ्र होते. फिल्मच्या कडेची छिद्रं आली तर ती अस्सल काळ्याहूनही काळी होतात. झालं, दोन्ही टोकं खोटी, आणि मधला खरा फोटो फिकट, पिचपिचीत. म्हणून क्रॉपची चौकट नेहमी फ्रेमच्या जरा आत घ्या. नंतर कड हवी असेल तर वेगळा स्कॅन करा.

आता हळद. फ्रेमभर पिवळं: हात पिवळे, साड्या पिवळ्या, मागची झेंडूची तोरणं पिवळी. ऑटोला वाटतं, फोटोवर पिवळी झाक आली आहे, आणि ते इमानेइतबारे ती काढून टाकतं. नवरी निळसर दिसते आणि भिंत जांभळी. त्याच रोलमधल्या पुढच्या फ्रेममध्ये, मांडवाबाहेर, रंग ठीक येतात. एकाच रोलमध्ये फ्रेमगणिक रंग उड्या मारत असतील तर निगेटिव्ह चांगली आहे आणि ऑटो प्रत्येक फ्रेमचा वेगळा अंदाज बांधतंय, इतकं पक्कं समजा.

उपाय: अंदाज एकदाच बांधू द्या. व्ह्यूस्कॅनमध्ये दोन फ्रेममधल्या कोऱ्या नारिंगी जागेवर चौकट ठेवून प्रिव्ह्यू घ्या, ‘लॉक एक्स्पोजर’ करा, परत प्रिव्ह्यू, मग ‘लॉक फिल्म बेस कलर’. आता अख्खा रोल याच मापाने जाईल आणि हळद पिवळीच राहील. सिल्व्हरफास्ट या सॉफ्टवेअरमध्ये फिल्मच्या नावाप्रमाणे तयार प्रोफाइल असतात, पट्टीच्या कडेवरचं नाव वाचून निवडा. एप्सन स्कॅन वापरत असाल तर निदान कलर रिस्टोरेशन बंद करा आणि हिस्टोग्रामची, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखाची, दोन्ही टोकं चित्राच्या थोडी बाहेर ठेवा, म्हणजे सावल्या कापल्या जाणार नाहीत. ज्यांना हौस आहे त्यांनी १६ बिटची, न उलटवलेली टिफ फाइल घ्यावी आणि डार्कटेबल या सॉफ्टवेअरच्या निगाडॉक्टरमध्ये रंग बसवावेत. ते फुकट आहे, पण एक रविवार खातं. जेपेग घरच्यांना पाठवायला ठेवा. रंग दुरुस्त करायची मूळ फाइल जेपेग नको.

इंद्रधनुष्य आणि उलटा लक्ष्मी रोड

फोटोवर तेलाच्या तवंगासारखी रंगीत कडी दिसली तर फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकते आहे. पट्टी स्लीव्हमध्ये घालून जाड शब्दकोशाखाली आठवडाभर ठेवा. इस्त्री, हेअर ड्रायर नको. तरीही टेकत असेल तर चमक नसलेली बाजू काचेकडे करून स्कॅन करा आणि चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटवून घ्या.

चित्र सुलटं आहे की नाही, हे दुकानांच्या पाट्यांवरून किंवा मनगटावरच्या घड्याळावरून कळतं, पण बाळाच्या बारशाच्या फोटोत पाट्या कुठल्या? पट्टीच्या कडेवरची अक्षरं बघा. ती सरळ वाचता येतात तेव्हा चकचकीत बाजू तुमच्याकडे असते. एप्सनच्या काचेवर हीच बाजू खाली जाते.

तारीख

स्कॅन केलेल्या फाइलला आजची तारीख लागते. मग फोनच्या गॅलरीत १९७८ ची मुंज यंदाच्या गणपतीत जाऊन बसते. एक्झिफटूल हे फुकटचं साधन अख्ख्या फोल्डरची तारीख एका आज्ञेत बदलतं. त्यासाठी मूळ तारीख हवी, आणि ती बहुधा लॅबच्या पाकिटावर पेनने लिहिलेली असते. म्हणून निगेटिव्ह नव्या स्लीव्हमध्ये घालताना जुनं पाकीट फेकू नका, त्याचाही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. फाइलच्या नावात रोलचा क्रमांक आणि पट्टीच्या कडेवरचा फ्रेम क्रमांक घाला, म्हणजे पुन्हा स्कॅन करायची वेळ आली तर नेमकी पट्टी सापडते. फक्त वर्ष माहीत असेल तर १ जानेवारी टाका आणि नावापुढे ‘अंदाजे’ लिहा.